बुधवार आणि शनिवार

श्रोतेहो, मँचेस्टर ह्या शहराचे नाव आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस ठाऊक होते ते कापडामुळे. १९०५ साली पुण्यास विदेशी कापडाची होळी झाली, त्या ढिगात मँचेस्टरच्या मालाचा वाटा लहान नसावा. आज तेच नाव आमच्या गल्लीतील मुले तांबड्या सदऱ्यांवर मिरवितात, आणि कापडाच्या गिरण्यांशी त्यांना काही कर्तव्य नसते. त्यांच्या मनातील मँचेस्टर म्हणजे फुटबॉलचा क्लब. अशाच एका मुलाला मी परवा विचारले, "बाळ, तुझ्या ह्या क्लबाचे १९५८ साली काय झाले, ठाऊक आहे का?" तो चटकन म्हणाला, "विमान पडले." मी पुन्हा विचारले, "त्या दिवशी ते इतक्या घाईने कोठे चालले होते?" हे मात्र त्याला सांगता येईना. छत्तीस वर्षे इतिहास शिकविल्यामुळे मला अर्ध्या उत्तराने चैन पडत नाही. म्हणून मँचेस्टर युनायटेड क्लबाच्या १९५७-५८ च्या हंगामाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे. ह्या हकीकतीत माणसे पुष्कळ येतील. पण तिचे सारे सूत्र आठवड्याच्या दोन वारांत गुंतलेले आहे. एक बुधवार आणि दुसरा शनिवार.

प्रथम शनिवाराविषयी. इंग्लंडातील गिरणीकामगारास एकोणिसाव्या शतकात शनिवारी दुपारपासून सुटी मिळू लागली, आणि ह्या अर्ध्या दिवसाच्या सुटीवर तेथील फुटबॉल वाढला. आपल्याकडे गावचा बाजारचा वार जसा ठरलेला, तसा तिकडे सामन्याचा वार शनिवार. ह्या खेळाचा कारभार दोन संस्थांकडे होता. १८६३ साली स्थापन झालेली फुटबॉल असोसिएशन राष्ट्रीय संघ निवडीत असे आणि आपल्या नावाच्या चषकाचे सामने चालवीत असे. १८८८ साली निघालेली फुटबॉल लीग ही क्लबांची संघटना होय. तिच्या पहिल्या वर्गात आपल्या कथेच्या काळी बावीस क्लब होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळावयाचे, एकदा स्वतःच्या मैदानावर आणि एकदा दुसऱ्याच्या. म्हणजे ऑगस्टपासून मेपर्यंत बेचाळीस सामने. जिंकल्यास दोन गुण, बरोबरी झाल्यास एक. सर्वांत अधिक गुण मिळवील तो इंग्लंडचा विजेता. ह्याखेरीज असोसिएशनचा चषक, त्यात हरला तो बाहेर. इतका भरगच्च कार्यक्रम असता मधल्या वारी कोणी परदेशी जाऊन सामने खेळावेत, ही कल्पनाच लीगच्या कारभाऱ्यांना मानवणारी नव्हती.

आता बुधवाराविषयी. १९५४ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स क्लबाने हंगेरीच्या होनव्हेद क्लबाचा तीन विरुद्ध दोन गोलांनी पराभव केला. तेव्हा लंडनच्या वर्तमानपत्रांनी वुल्व्हरहॅम्प्टन हाच जगातील श्रेष्ठ क्लब, असा डांगोरा पिटला. पॅरिसच्या 'लेकीप' पत्रातील गाब्रिएल आनो ह्या लेखकास ही फुशारकी रुचली नाही. त्याने लिहिले की, श्रेष्ठ कोण हे ठरवावयाचेच असेल तर युरोपातील सर्व देशांच्या विजेत्या क्लबांची एक स्पर्धा भरवावी. ह्याच्या मैदानावर एक सामना, त्याच्या मैदानावर एक, आणि दोहोंतील गोलांची बेरीज करून निकाल. १९५५ साली ती स्पर्धा खरोखरच सुरू झाली. त्या वर्षी इंग्लंडचा विजेता लंडनचा चेल्सी क्लब होता. लीगने त्याला न जाण्याचा सल्ला दिला आणि त्याने तो निमूटपणे मानला. ज्यांच्या बढाईतून स्पर्धा जन्मली, तेच पहिल्या वर्षी गैरहजर राहिले!

पुढल्या वर्षी, म्हणजे १९५६ साली, लीगचे विजेतेपद मँचेस्टर युनायटेडकडे आले. तेथील मॅनेजर मॅट बझबी हा स्कॉटलंडातील कोळशाच्या खाणींच्या मुलखात १९०९ साली जन्मलेला मनुष्य. त्याचा बाप पहिल्या महायुद्धात पडला. बझबीने १९४५ साली ह्या क्लबाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्याचे ओल्ड ट्रॅफर्ड मैदान जर्मन बाँबनी उद्ध्वस्त झालेले होते, आणि शेजारच्या मँचेस्टर सिटी क्लबाच्या मैदानावर १९४९ पर्यंत सामने खेळावे लागत होते. दुसऱ्यांचे तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांची मुले गोळा करून त्यांना घडवावे, हा त्याचा मार्ग. ती मुले वाढली आणि सरासरी बाविशीच्या आसपासच्या वयात इंग्लंडची विजेती झाली. 'बझबीची बाळे' असे नाव वर्तमानपत्रांनी त्यांना दिले. युरोपातून निमंत्रण आले तेव्हा लीगची नाराजी उघड असूनही बझबीने ते स्वीकारले. असोसिएशनचे सेक्रेटरी स्टॅन्ली राउस ह्यांचे त्याला अनुमोदन होते.

परवानगी मिळाली असे म्हणण्यापेक्षा अडवणूक झाली नाही असे म्हणणे अधिक बरोबर होईल. अट एकच, पण ती मोठी कठीण. युरोपात काय वाटेल ते करा, शनिवारचा लीगचा सामना चुकता कामा नये, आणि त्यासाठी वेळेच्या आत परत आले पाहिजे. ह्या अटीचा अर्थ पहिल्याच हंगामात दिसून आला. १९५७ च्या जानेवारीत स्पेनमधील बिल्बाओ येथे बर्फात सामना झाला आणि युनायटेड पाच विरुद्ध तीन असा हरला. दुसऱ्या दिवशी विमानावर बर्फ साचलेले. तेव्हा खेळाडूंनीच हाती झाडू घेऊन ते झाडून काढले. त्या प्रसंगाची छायाचित्रे आहेत. त्यांत ही तरुण मंडळी एखाद्या सहलीस आल्यासारखी हसत आहेत. परतीचा सामना तीन शून्य असा जिंकून युनायटेड पुढे गेला, आणि उपान्त्य फेरीत माद्रिदच्या रेआल क्लबाने त्याला थोपविले. लीगचे विजेतेपद त्याने पुन्हा मिळविले. असोसिएशनच्या चषकाच्या अंतिम सामन्यात मात्र आरंभीच गोलरक्षकाच्या गालाचे हाड मोडले. त्या काळी बदली खेळाडू घेता येत नसे. सामना हातचा गेला.

अशा स्थितीत १९५७-५८ चा हंगाम उजाडला. लागोपाठ तिसऱ्यांदा लीग जिंकण्याचा मान तोपर्यंत हडर्सफील्ड आणि आर्सेनल ह्या दोनच क्लबांना मिळाला होता. तो, शिवाय असोसिएशनचा चषक, शिवाय युरोपचा चषक, अशी तिहेरी आकांक्षा बझबीने धरलेली.

युरोपातील पहिली गाठ डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्सशी पडली. सप्टेंबरच्या २५ तारखेस युनायटेडने त्यांना सहा गोलांनी हरविले. त्यांतले दोन गोल बिली व्हेलन ह्याने केले. तो मूळचा डब्लिनचाच मुलगा, तेव्हा आपल्याच गावकऱ्यांपुढे त्याने ते केले असे म्हटले पाहिजे. पुढली गाठ प्रागच्या दुक्ला संघाशी. घरी तीन शून्य असा विजय मिळाला होता, म्हणून ४ डिसेंबरच्या बुधवारी प्रागमध्ये एक गोलाने हरूनही काही बिघडले नाही. बिघडले ते परतीच्या वाटेवर. इंग्लंडवर दाट धुके पसरले होते आणि विमाने उतरू शकत नव्हती. मंडळी ॲम्स्टरडॅमपर्यंत आली, तेथून हॉलंडच्या बंदरात गेली, रात्रीच्या बोटीने समुद्र ओलांडून हार्विच गाठले आणि पुढे आगगाडी धरली. शनिवारी बर्मिंगहॅमच्या मैदानावर ती हजर होती! सामना तीन-तीन असा बरोबरीत सुटला, म्हणजे एक गुण हातचा गेला. पण क्लबाच्या मनावर जो ठसा उमटला तो गेलेल्या गुणाचा नव्हता, थोडक्यात टळलेल्या नामुष्कीचा होता. शनिवार चुकला असता तर लीगच्या कारभाऱ्यांना हवे असलेले निमित्त आयतेच मिळाले असते. पुढल्या वेळी हा धोका नको, म्हणून क्लबाने स्वतंत्र विमानच भाड्याने घेण्याचे ठरविले. श्रोत्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. हा निर्णय चैनीसाठी किंवा मोठेपणासाठी झालेला नाही. वेळ पाळण्यासाठी झालेला आहे. आज फुटबॉल खेळाडूंच्या मिळकतीचे आकडे वाचून आपण चकित होतो. त्या काळी इंग्लंडात खेळाडूच्या पगारावर कायम मर्यादा असे. ती १९६१ साली उठली. ह्या नामांकित मुलांना आठवड्यास वीस पौंडांहून अधिक मिळत नव्हते, आणि त्यांतील कित्येक जण शहरातील एखाद्या कुटुंबात पैसे देऊन खोलीवर राहत.

नव्या वर्षी युरोपच्या चषकात बेलग्रेडचा रेड स्टार हा क्लब समोर आला. १४ जानेवारीस मँचेस्टरला युनायटेडने दोन विरुद्ध एक असा विजय मिळविला. म्हणजे पुढे होता तो एकाच गोलाने. परतीचा सामना बुधवार, ५ फेब्रुवारी रोजी बेलग्रेडला ठरला.

त्याआधीच्या शनिवारी, १ फेब्रुवारीस, लंडनमध्ये आर्सेनलविरुद्ध जो सामना झाला त्याच्याविषयी बोलल्यावाचून मला पुढे जाववत नाही. मध्यंतरास युनायटेडचे तीन गोल, आर्सेनलचा एकही नाही. मध्यंतरानंतर तीनेक मिनिटांत आर्सेनलने तिन्ही फेडले. एखादा संघ येथे गडबडून गेला असता. ह्यांनी आणखी दोन गोल केले. आर्सेनलने एक फेडला. शेवटी पाच विरुद्ध चार. साठ हजारांहून अधिक लोकांनी तो सामना पाहिला, आणि इंग्लंडच्या भूमीवर हा संघ त्यांनी शेवटचाच पाहिला. पहिला गोल डंकन एडवर्ड्स ह्याचा होता. एकवीस वर्षांचा हा मुलगा अंगाने मल्लासारखा, दोन्ही पायांनी सारख्याच ताकदीने मारणारा. अठराव्या वर्षीच तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात खेळला होता. त्याच्याबरोबर खेळलेला बॉबी चार्ल्टन पुढे स्वतः जगप्रसिद्ध झाला. आयुष्यभर तो एकच सांगत राहिला की, ज्याच्यापुढे मला उणे वाटले असा खेळाडू एक डंकनच.

बेलग्रेडच्या सामन्यात पहिल्या दोन मिनिटांच्या आत डेनिस व्हायोलेटने गोल केला. चार्ल्टनने आणखी दोन. मध्यंतरास पुन्हा तीन शून्य आणि मध्यंतरानंतर पुन्हा तीच कथा: रेड स्टारने तीनही गोल फेडले. पण बेरीज पाच विरुद्ध चार अशी युनायटेडच्या बाजूने पडली आणि उपान्त्य फेरी गाठली गेली. रात्री दोन्ही संघ एकत्र जेवले. लीगमध्ये युनायटेड त्या वेळी वुल्व्हरहॅम्प्टनच्या सहा गुणांनी मागे होता आणि चौदा सामने उरले होते. पुढला सामना ८ फेब्रुवारीच्या शनिवारी, ओल्ड ट्रॅफर्डवर, आणि तो नेमका वुल्व्हरहॅम्प्टनशीच. सारी स्पर्धा त्या सामन्यावर झुकलेली होती. योगायोग असा की ८ फेब्रुवारी हाच कर्णधार रॉजर बर्नचा वाढदिवस. त्याला एकोणतिसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते.

गुरुवारी, ६ फेब्रुवारीस, विमान बेलग्रेडहून निघाले. एकाचा पासपोर्ट सापडेना म्हणून तासभर खोळंबा झाला. विमानात एकंदर चव्वेचाळीस माणसे होती. त्यांत सतरा खेळाडू, क्लबाचे अधिकारी, वर्तमानपत्रांचे बातमीदार आणि विमानाचे कर्मचारी. त्या विमानास बेलग्रेडहून थेट मँचेस्टर गाठता येत नसे, म्हणून इंधनासाठी ते म्युनिकला उतरले. तेथे बर्फ पडत होते. पुन्हा उड्डाण करताना डाव्या एंजिनाचा दाब कमीजास्त होऊ लागला; वैमानिकांनी विमान थांबविले. काही मिनिटांनी दुसरा प्रयत्न झाला, तोही सोडून द्यावा लागला. प्रवासी उतरून प्रतीक्षागृहात आले. आता आज काही जाणे होत नाही, असे पुष्कळांना वाटले. डंकन एडवर्ड्सने तर आपल्या घरमालकिणीस तार केली की, विमान रद्द झाले आहे, उद्या येतो.

श्रोतेहो, ह्या प्रतीक्षागृहातील घटकाभराकडे मी पुनःपुन्हा वळतो. विमानतळावरील एंजिनिअरने कॅप्टन जेम्स थेन ह्यांस सांगितले की, एंजिन नीट जुळवून घ्यावयाचे तर रात्रभर मुक्काम करावा लागेल. थेन ह्यांना वेळापत्रक मोडावयाचे नव्हते. यंत्राचा दांडा आणखी हळू पुढे सारला तर काम भागेल, असे त्यांचे म्हणणे पडले. दांडा हळू सारला की वेग हळू चढतो, आणि वेग हळू चढला की धावपट्टी अधिक लांबवर लागते. तिसऱ्या प्रयत्नात वेग ११७ नॉटपर्यंत चढला. परंतु धावपट्टीच्या पुढल्या भागात, जेथे त्या दिवशी फारशी विमाने धावली नव्हती, तेथे अर्धवट वितळलेल्या बर्फाचा रबरबीत चिखल पसरला होता. त्यात चाके रुतली. वेग ११२ वर, मग १०५ वर घसरला. उडावयास वेग पुरेना आणि थांबावयास जागा पुरेना. विमान कुंपण तोडून, रस्ता ओलांडून एका घरावर आदळले. ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे तेव्हा दुपारचे तीन वाजून काही मिनिटे झाली होती.

मृतांची संख्या अखेरीस तेवीस झाली. रॉजर बर्न, एडी कोलमन, मार्क जोन्स, टॉमी टेलर, डेव्हिड पेग, जेफ बेंट आणि बिली व्हेलन हे सात खेळाडू तेथेच गेले. ह्यांतील बेंटचे जाणे मला विशेष चटका लावते. बर्नच्या दुखापतीची शंका होती म्हणून केवळ राखीव म्हणून त्याला नेले होते, आणि बर्न तर खेळला. क्लबाचे सेक्रेटरी वॉल्टर क्रिकमर आणि खेळाडूंचे दोघे शिक्षकही गेले. आठ बातमीदार गेले. त्यांत फ्रँक स्विफ्ट, एके काळचा इंग्लंडचा गोलरक्षक. सहवैमानिक केनेथ रेमेंट पुढे रुग्णालयात वारले. डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस झुंजला आणि २१ फेब्रुवारीस मिटला. बझबी स्वतः प्राणवायूच्या तंबूत जीवनमरणाच्या सीमेवर होता. धर्मगुरूंनी त्याच्यासाठी अंतकाळच्या प्रार्थना म्हटल्या होत्या. जॉनी बेरी आणि जॅकी ब्लँचफ्लॉवर वाचले, पण पुन्हा कधी खेळले नाहीत. आणि गोलरक्षक हॅरी ग्रेग! दोन महिन्यांपूर्वीच क्लबात आलेला हा आयरिश गडी स्वतः बाहेर पडल्यावर पुन्हा त्या मोडतोडीत शिरला, एक तान्ही मुलगी त्याने बाहेर आणली, तिच्या आईला आणले, आणि चार्ल्टन व व्हायोलेट ह्यांना कमरेला धरून ओढीत बाहेर काढले.

हंगाम मात्र संपला नव्हता. बझबीचा सहायक जिमी मर्फी मागे उरला होता. तो वेल्सच्या राष्ट्रीय संघाचाही मॅनेजर असल्यामुळे त्या बुधवारी कार्डिफला गुंतलेला होता. एरवी विमानात बझबीशेजारचे आसन त्याचे असे. म्युनिकला जाऊन त्याने जखमींची भेट घेतली, आणि बचावलेल्या ग्रेग व बिल फोक्स ह्या दोघांना घेऊन आगगाडीने आणि बोटीने परत आला. आता त्याला अकरा माणसे उभी करावयाची होती. काही राखीव मुले होती. ब्लॅकपूलकडून एर्नी टेलर हा बुटका अनुभवी खेळाडू घेतला. ॲस्टन व्हिलाकडून स्टॅन क्राउदर घेतला. तो त्याच हंगामात व्हिलाकडून चषकासाठी खेळलेला असल्याने नियमाप्रमाणे त्याला खेळता येत नव्हते, पण असोसिएशनने खास परवानगी दिली. बिशप ऑकलंड ह्या हौशी क्लबाने आपले तीन खेळाडू मदतीस पाठविले. त्यांतील वॉरन ब्रॅडली हा शाळामास्तर होता, हे येथे नमूद करण्याचा मोह मला आवरत नाही. पुढे तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातही खेळला आणि मास्तरकीही त्याने सोडली नाही.

१९ फेब्रुवारीस, अपघातानंतर तेराव्या दिवशी, शेफील्ड वेन्सडे क्लबाशी असोसिएशनच्या चषकाचा सामना ओल्ड ट्रॅफर्डवर झाला. सामन्याची पत्रिका छापावयास गेली तेव्हा कोण खेळणार हेच ठरलेले नव्हते. म्हणून शेफील्डच्या बाजूस अकरा नावे आणि युनायटेडच्या बाजूस अकरा कोऱ्या रेघा, अशी ती पत्रिका निघाली. सुमारे साठ हजार लोक जमले होते. कित्येकांनी हातातील पत्रिकेत पेन्सिलीने नावे भरली, आणि त्यांतील काही नावे त्यांनी पूर्वी ऐकलेलीही नव्हती. क्राउदरने तर खेळ सुरू होण्यापूर्वी तास-सव्वा तास आधी करारावर सही केली होती. युनायटेडने तो सामना तीन शून्य असा जिंकला. दोन गोल शे ब्रेनन ह्या पोराचे. पहिल्या संघात खेळण्याची त्याची ती पहिलीच वेळ. समोरच्या शेफील्डच्या खेळाडूंची मला कीव येते. त्या रात्री जिंकावे असे त्यांनाही कोठे मनापासून वाटले असेल?

शोकाच्या त्या लाटेवर संघ काही काळ तरला. चषकात वेस्ट ब्रॉमिच, मग फुलहॅम, दोन्ही वेळी पहिला सामना बरोबरीत आणि दुसऱ्यात विजय, असे करीत तो वेम्बलीच्या अंतिम सामन्यास पोहोचला. लीगमध्ये मात्र खरे बळ उघडे पडले: उरलेल्या चौदा सामन्यांपैकी एकच जिंकता आला आणि क्लब नवव्या जागी घसरला. ३ मे रोजी वेम्बलीवर बोल्टनने दोन शून्य असे हरविले. बझबी काठी टेकीत तेथे आला होता. म्युनिकहून वाचलेले चौघे त्या सामन्यात खेळले.

युरोपच्या चषकात उपान्त्य फेरीची गाठ इटलीच्या मिलान क्लबाशी होती. ८ मे रोजी मँचेस्टरला युनायटेडने दोन विरुद्ध एक असा विजय मिळविला, ही गोष्ट मला चषकातील साऱ्या विजयांहून मोठी वाटते. त्या सामन्यात चार्ल्टन नव्हता. असोसिएशनने त्याला राष्ट्रीय संघात घेतले होते, आणि मैत्रीच्या सामन्यांसाठी तो क्लबाला सोडावयास ती तयार नव्हती. त्यांतला एक सामना ११ मे रोजी होता आणि तो होता बेलग्रेडला! वीस वर्षांच्या त्या मुलाला तीन महिन्यांनंतर विमानाने त्याच शहरी नेण्यात आले. इंग्लंड तो सामना पाच शून्य असा हरला. इकडे युनायटेडची मंडळी बोटीने आणि आगगाडीने मिलानला गेली, आणि १४ मे रोजी तेथे चार गोलांनी हरली. युरोपच्या संघटनेने पुढल्या हंगामासाठी युनायटेडला सन्मानाने निमंत्रण दिले. स्वित्झर्लंडमधील बर्नच्या यंग बॉईज क्लबाशी गाठही पडली. पण तुम्ही विजेते नाही, सबब जाता येणार नाही, असे इंग्लंडच्या अधिकारिवर्गाने कळविले. बर्नचा क्लब न खेळता पुढे गेला.

दोष कोणाचा? जर्मन चौकशीने १९५९ साली सांगितले की, पंखांवर बर्फ गोठले होते आणि ते काढविणे कॅप्टन थेन ह्यांचे काम होते. थेन ह्यांची नोकरी गेली. नाव स्वच्छ करून घेण्यासाठी ते दहा वर्षे भांडले. शेवटी १९६९ साली ब्रिटिश समितीने मान्य केले की, खरे कारण धावपट्टीवरील तो चिखल होता. १९७५ साली, पन्नाशी उलटल्यावर लवकरच, थेन वारले. चिखल हे कारण मलाही मान्य आहे. लीगच्या कारभाऱ्यांनी विमान पाडले असे मी कदापि म्हणणार नाही. तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु मुक्काम करावा असे एक जाणता माणूस सांगत असता तो करता येऊ नये, अशी निकड त्या प्रतीक्षागृहात कोठून आली, हे तर आपण विचारलेच पाहिजे. गुरुवारची रात्र म्युनिकला काढून शुक्रवारी निघाले असते तरी शनिवारी तीन वाजता मैदानावर उभे राहता आले असते. पण सामन्याच्या आदल्या दिवशी घरी पोहोचण्याची चिंता, प्रागच्या वेळची धावपळ, आणि लीगला बोलावयास जागा राहू नये हा हट्ट, हे सारे त्या मंडळींच्या मानेवर बसलेले होते. शाळेत वेळापत्रक मीही लावीत असे, आणि घंटा चुकू नये म्हणून पोरांना धावावयास लावणारा मास्तर मीही होतो. तेव्हा हे मी फार मोठ्या आवाजात बोलत नाही.

बझबी बरा झाला आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून मुले घडविली. दहा वर्षांनी, २९ मे १९६८ रोजी, पोर्तुगालच्या बेनफिका क्लबाचा चार विरुद्ध एक असा पराभव करून युनायटेडने युरोपचा चषक जिंकला. म्युनिकच्या विमानातले दोघे, चार्ल्टन आणि फोक्स, त्या दिवशी मैदानावर होते. त्या विमानातील खेळाडूंपैकी शेवटचा चार्ल्टन. तो २०२३ च्या ऑक्टोबरात गेला.

राहता राहिला ८ फेब्रुवारीचा शनिवार. इंग्लंडातील इतर मैदानांवर त्या दिवशी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून सामने खेळले गेले. ओल्ड ट्रॅफर्डवरील वुल्व्हरहॅम्प्टनचा सामना लीगने पुढे ढकलला; ढकलावयास काहीच अडचण पडली नाही. तो २१ एप्रिल रोजी झाला. तोपर्यंत वुल्व्हरहॅम्प्टनचे विजेतेपद नक्की झाले होते, म्हणून निकालाने कोणाचे काही बनत-बिघडत नव्हते. वुल्व्हरहॅम्प्टनने चार गोल केले, युनायटेडला एकही करता आला नाही. त्या दिवशी वार सोमवार होता.